वीस चुकीची उत्तरं

मी तिथे शिकायला गेलेच नव्हते. इंग्रजीच्या क्लासमधल्या सरांच्या चष्म्याची दांडी आमच्या दुकानात बदलून झाली होती, तो चष्मा पोचवायला गेले होते. चष्म्याविना त्यांना मी नवी विद्यार्थिनी वाटले. त्यांनी वीस प्रश्नांचा कागद माझ्यापुढे सरकवला. ‘इफ’ने सुरू होणारी वाक्यं... प्रत्येकात क्रियापदाचा योग्य काळ निवडायचा. मला येत होतं, म्हणून मुकाट्याने सोडवत बसले. मग ते डोळे बारीक करून हसले.

“सगळे बरोबर आले, तर वरच्या मजल्यावरच्या बाईंचा वर्ग. चुकले, तर माझा.”

मी खोडरबर मागितला.

त्यानंतर तीन महिने दर शनिवारच्या परीक्षेत मी तो काळ चुकवला. सरांनीही हट्ट सोडला नाही. माझ्यासाठी स्वतःच्या हाताने नवे कागद काढायचे, त्यात माझ्या दुकानातली वाक्यं घालायचे — काच तडकली तर, गिऱ्हाईक चिडलं असतं तर... वर्ग सुटल्यावर थांबून पुन्हा समजावायचे. मी मान डोलवायचे आणि त्यांच्या बोटांवरचा खडू बघत राहायचे. लाज? तेव्हा कुठली लाज.

लाज आली ती एका शनिवारी. मी दाराबाहेर असताना क्लासचे मालक, मोठे सर, आमच्या सरांशी बोलताना ऐकू आले. एक मुलगी तीन महिने एकाच धड्यावर अडकते म्हणजे शिकवण्यातच खोट आहे, महिनाअखेर दुसरीकडे नोकरी बघा. सर हळूच म्हणाले, माझंच चुकतंय, तिला समजेल असं मला सांगता येत नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच आत गेले, टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्या उभ्या वीसही प्रश्न सोडवले.

“मला पहिल्या दिवसापासून येतंय. मी मुद्दाम चुकवत होते.”

“का?” मोठ्या सरांनी विचारलं.

“वरच्या वर्गात... हे सर नव्हते.”

मोठ्या सरांनी उत्तरं तपासली, खोकले, दुसरीकडे बघायचं राहू द्या म्हणाले आणि निघून गेले. सर मात्र हसले नाहीत.

“तीन महिने मला वाटत होतं, मला शिकवताच येत नाही.”

माझे डोळे भरून आले. माफ करा, एवढंच कसंबसं म्हटलं. त्यांनी माझ्या उत्तरांच्या कागदाची घडी घातली.

“आता तुम्ही माझ्या विद्यार्थिनी नाही.”

“हो, सर.”

“मग सर म्हणू नका.” त्यांचा आवाज जरा मऊ झाला. “राग एवढ्यात जायचा नाही माझा. उद्या संध्याकाळी चहाला चला... समोर बसूनच काढायचाय तो.”

माझी मान अजून खालीच होती. तिथूनच मी हो म्हटलं.