बडबडीची सोंगटी

निवृत्त कारकुनाला कचेरीतून फोन आला की समजावं, कसली तरी किल्ली सापडत नाहीये. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांचा फोन तसाच होता. बंदर कचेरीची जुनी इमारत पाडायला दिली होती. मुकादमाला ताबा द्यायचा होता, आणि जुडग्यातली तळघराची किल्ली कोणती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी मिळवलेलं ज्ञान बहुतेक एवढंच.

"तळघर म्हणजे आमचंच ना?" आत्या म्हणाली. "मीही येते."

"आत्या, पंचवीस पायऱ्या आहेत. आणि तू आहेस चौऱ्याऐंशीची."

"पायऱ्यांचं वय काय कमी आहे?"

आत्याशी वाद घालून आमच्या घराण्यात अजून कोणी जिंकलेलं नाही. मी टॅक्सी बोलावली.

युद्धाच्या काळात आत्या नौदलात होती. हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "म्हणजे नर्स?" नाही. "मग स्वयंपाकाला?" आत्याच्या हातचं उकडलेलं अंडं ज्यानं खाल्लंय तो हे विचारणार नाही. पुरुष जहाजांवर गेले तेव्हा किनाऱ्यावरचं सगळं नौदल बायकांनी चालवलं. कोणी टॉर्पेडो दुरुस्त करायच्या, कोणी बिनतारी संदेश घ्यायच्या, कोणी बंदरातल्या मोटरबोटी हाकायच्या. आत्या तळघरातल्या टेबलावर होती. टेबल म्हणजे एका मोठ्या खोलीएवढं. त्यावर सबंध समुद्राचा नकाशा. प्रत्येक बोटीची एक लाकडी सोंगटी, तिच्यावर पत्र्याचं इवलंसं निशाण. कानाला हेडफोन लावून उभं राहायचं आणि बोट कुठे आहे ते कळलं की लांब काठीनं सोंगटी तिथे सरकवायची. वरच्या सज्जात बसून अधिकारी ते टेबल बघत आणि त्यावरून युद्ध चालवीत. पदकं अर्थातच सज्जात वाटली गेली.

टॅक्सीत आत्यानं पर्समधून सुयांची डबी काढली. डबीत दोऱ्याच्या रिळांखाली एक सोंगटी होती. अंगठ्याएवढी, निशाण वाकडं.

"ही कुठली?"

"बडबडीची." बडबडी म्हणजे आत्याची खोलीतली जोडीदारीण; मोटरबोट हाकायची. झोपेतसुद्धा बोलायची, असं आत्या नेहमी सांगे. वादळात तिची बोट गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. "हिचं निशाण सैल झालं होतं. दातानं घट्ट करावं म्हणून मी सोंगटी उचलली. तेवढ्यात ड्युटी बदलायची वेळ झाली. माझ्या जागी आलेली मुलगी समोर उभी. मी हिला खिशात टाकलं आणि टेबल सोपवून खोलीवर आले."

"मग?"

"मग काय? टेबलावर सोंगटी नाही म्हणजे बोट धक्क्याला लागली. त्या मुलीनं तेच धरलं, कोणीही धरलं असतं. वादळ आलं, आणि शोधायला कोणी गेलंच नाही. सहा तासांनी कपडे धुताना मला खिशात लाकूड लागलं." तिनं डबी बंद केली. "आता टेबलच तोडणार आहेत. त्याच्या आधी हिला जागेवर ठेवायची आहे. बास."

साठ वर्षं हे पोटात ठेवून ही बाई आमच्या परीक्षा, लग्नं, आजारपणं काढत आली होती. कारकुनाला सांत्वनाचा मसुदा जमत नाही.

वीज तोडलेली होती. मुकादमानं कंदील दिला आणि स्वतः भर उन्हात थांबणं पसंत केलं. आम्ही उतरलो. खाली ओल, बुरशी, उंदीर यांचा वास असणार हे मी धरून चाललो होतो. तो होताच. पण टेबलावरचं कापड ओढलं तसा त्यात आणखी एक वास मिसळला... भिजलेल्या लोकरीचा, आणि डिझेलचा.

आत्यानं कोपऱ्यातली काठी बरोबर काढली. मग खुंटीवरचा हेडफोन कानाला चढवला. त्याची वायर हातभर खाली येऊन तुटलेली होती. मी कंदील धरून पाहिली.

तिनं सोंगटी नकाशावर ठेवली, किनाऱ्यापासून चांगली दूर. "झालं?" मी विचारलं.

आत्यानं हात वर केला. गप्प.

"बोल," ती म्हणाली. मला नाही.

हेडफोनमधून काहीतरी येत होतं. फार बारीक... श्वासही न घेता कोणीतरी सलग बोलत असावं तसं.

"अगं, किती बडबडशील! आधी आकडे सांग..." आत्याच्या हातातली काठी स्थिर होती. "हं. परत सांग... हं."

सोंगटी बोटभर सरकली. थांबली. पुन्हा सरकली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. कंदील धरलेला हात बदलायचंही मला सुचलं नाही. कुठेतरी पाणी भिंतीवर आपटत होतं, आणि समुद्र त्या इमारतीपासून अर्ध्या कोसावर आहे. शेवटी सोंगटी नकाशातल्या धक्क्याला टेकली. आत्यानं हेडफोन काढला, नाक पुसलं आणि ताठ उभी राहिली.

"टेबल सोपवते," ती समोरच्या अंधाराला म्हणाली.

ड्युटी बदलताना समोरचीला 'घेतलं' म्हणावं लागे. त्याशिवाय पाय हलवायचा नाही, असा त्यांचा नियम. म्हातारीसाठी आपणच म्हणून टाकावं, असं माझ्या मनात आलं. मी तोंड उघडलं...

"घेतलं," टेबलापलीकडून एक मुलगी म्हणाली.

पंचवीस पायऱ्या आत्या न थांबता चढली. मी दोनदा बसलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाचा फोन. "साहेब, तळघरात तुमचं माणूस ठेवलंय का? एक पोरगी आहे, गणवेशातली. टेबलाला हात लावू देत नाही. माझी माणसं कामावर यायला तयार नाहीत."

मी आत्याला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"बसलीय की उभी?"

"उभी, म्हणाला."

"तीन दिवस?" आत्याचे हात थांबले. "अरे, तिला ड्युटीवरून सोडवायला कोणी गेलंच नाही की रे." ती उठून चपला शोधू लागली. मी त्या कपाटावर टाकल्या, दाराला कडी घातली आणि जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. ती आरामखुर्चीत जाऊन बसली आणि जरा वेळानं तिला झोप लागली.

मी समोरच बसून होतो. तिचा श्वास नीट चालू होता. मी तेवढंच बघत होतो. चारच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला.

"साहेब, बाई बदलली," मुकादम अगदी हळू बोलत होता. "आता म्हातारी आहे, चष्मेवाली. काठी घेऊन उभी आहे. विचारतेय... भाचा जेवला का."

समोर आत्या खुर्चीत झोपलेली होती, तोंड किंचित उघडं.

"जेवला म्हणून सांगा," मी म्हणालो.

पलीकडे मुकादमाची पावलं वाजली, पायऱ्या उतरत गेली. मी मनात मोजत होतो. पंचविसाव्या पायरीनंतर 'जेवला' असं मुकादम कोणाला तरी म्हणाला, आणि समोर झोपेतच आत्यानं मान हलवली.