दीड मुलाचे डोळे

“चोवीस!” प्रेमिला धापा टाकत व्हरांड्यात आली. “आज औषधाच्या रांगेत चोवीस जण आहेत! अन् दुपारच्या एसटीनं गोपिकेले कळमेश्वरला परत धाडून राहिले!”

गिरिधरने मान वर केली नाही. “धाडतीलच,” तो म्हणाला. नुकताच नववी पास झालेला हा पुस्तकी बोलणारा मुलगा प्रत्येक गोष्टीचा शेवट वाईटच होणार असे गृहीत धरून चाले. आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघे, ही खरी अडचण होती.

शहराला लागून असलेल्या वाडीच्या शाळेतले ते उन्हाळी शिबिर मंगळवारी सुरू झाले होते. गोपिका गुरुवारी संध्याकाळी आली. शुक्रवारी सकाळी सहा मुलांचे डोळे आले, आणि त्या सहांत तीही होती. शिबिरप्रमुख कुसुमताईंना एवढा पुरावा पुरला. साथ हिनेच आणली, असा निकाल लागला! तिचे अंथरूण व्हरांड्यात गेले, ताट वेगळे झाले. आणि तिच्याशी नजर मिळवली तरी डोळे येतात, अशी अफवा मुलांनी कोणत्याही शास्त्राचा आधार न घेता पसरवली.

गोपिका पत्र्याची पेटी भरत होती. “राहू दे वं, प्रेमिला. वेगळं ताट काय असते, ते माह्या बापाले विचार. निघताना म्हणे, ‘पोरी, शहरात आता तसं नसते.’ त्याले काय सांगू मी?”

बाहेर अमरावती रोडवरून ट्रक जात राहिले.

सहावीतला चंद्रभान गिरिधरकडे वळला. “काहून गा गिरिधर, ते लॉगटेबल काय उशाले घ्यायले आणलं काय? काढ नं हिशेब!”

“काढून काय होणार? कोणी ऐकणार नाही.”

“मी ऐकतो नं! काढ!”

गिरिधरने सुस्कारा सोडला आणि कोळशाने फरशीवर आकडे मांडले. “शुक्रवारी सहा, शनिवारी बारा, आज रविवारी चोवीस. रोज दुप्पट. आता मागे चला. गुरुवारी सकाळी?”

“तीन!”

“बुधवारी?”

“दीड!” चंद्रभान फिस्सकन हसला. “दीड पोरगा! अर्ध्या पोराचे डोळे कसे येतीन गा?”

“येत नाहीत. पण दीड म्हणजे एकाहून जास्त, म्हणून पहिला रोगी बुधवार सकाळच्या आधीचा. आणि मंगळवारी सकाळी पाऊणच उरतो, म्हणजे त्यानंतरचा.”

“पण नेमका केव्हाचा?” प्रेमिलेने विचारले.

गिरिधरने लॉगटेबल उघडले. नाही म्हटले तरी त्याच्या आवाजात जीव आला. “पुढे जाताना आपण विचारतो, इतक्या दिवसांत किती मुलं? त्याचं उत्तर घात देतो. दोनाला दोनाने गुणत सुटायचं. मागे येताना प्रश्न उलटतो: इतकी मुलं व्हायला किती दिवस? त्याचं उत्तर लॉग देतो. वाट एकच, घात तिने पुढे जातो, लॉग मागे येतो. दोनाचा लॉग म्हणजे एका दुपटीचं पाऊल, शून्य दशांश तीन शून्य एक शून्य. सहाचा लॉग म्हणजे एकापासून सहापर्यंतचं सगळं अंतर, शून्य दशांश सात सात आठ दोन. त्या अंतरात अशी पावलं किती? कर भागाकार.”

प्रेमिलेने केला. “अडीचपेक्षा थोडं जास्त! म्हणजे शुक्रवार सकाळपासून तेवढे दिवस मागं...” तिने बोटे मोजली आणि ती ओरडलीच, “मंगळवारची संध्याकाळ! तेव्हा गोपिका कळमेश्वरातच होती!”

“मग आणली कोणी?” चंद्रभानने टुणकन उडी मारली.

“ते गणित सांगत नाही,” गिरिधर पुन्हा मलूल झाला. “ते वेळ सांगतं, नाव नाही. शिवाय शुक्रवारच्या आधी कोणाचे डोळे कोणी पाहिलेच नव्हते; तेव्हाही साथ रोज दुप्पटच होत होती, हे आपण धरून चाललो आहोत.”

“त्या संध्याकाळी आपण आंधळी कोशिंबीर खेळलो,” प्रेमिला हळू आवाजात म्हणाली. “मनोहर सरांच्या रुमालानं. सगळ्यांच्या डोळ्यांवर तोच रुमाल, अन् तेव्हापासून रोज!”

“अन् सरांनी अंधार पडला तरी गॉगल काढला नव्हता!” चंद्रभान म्हणाला. “मले वाटलं, स्टाइल मारून राहिले!”

“विचारलं तर ते नाहीच म्हणतील,” गिरिधर म्हणाला.

“विचारते कोण?” प्रेमिला म्हणाली आणि रांगेकडे धावली.

क्रीडाशिक्षक मनोहर सर छाती काढून रांग सरळ करत होते. कंपाउंडर बाटलीचे बूच काढत होता.

“कुसुमताई, लहान पोरं औषधाले भिऊन राहिले!” प्रेमिला म्हणाली. “आधी सरांनी डोळ्यांत टाकून दाखवावं!”

“आधी सर! आधी सर!” चंद्रभानने टाळ्या सुरू केल्या आणि सगळी रांग ओरडू लागली.

“चला मनोहर सर, द्या मुलांना धीर!” कुसुमताई हसून म्हणाल्या.

सरांनी बरीच चुळबूळ केली. अखेर गॉगल उतरला. दोन्ही डोळे लालभडक, पापण्या सुजून चिकटलेल्या!

“सोमवारपासून जरा उष्णता...” सर पुटपुटले.

“सोमवारपासून?” कुसुमताईंचे हसू मावळले.

प्रेमिलेने रुमालाची हकिगत सांगितली. गिरिधरने त्यांना फरशीपाशी नेऊन आकडे दाखवले. त्यांनी दीड मुलासकट सगळे ऐकून घेतले.

“शाबास!” त्या म्हणाल्या. “शाबास, तिघांनाही! हा विचार आम्ही करायला हवा होता. रुमाल आताच्या आता उकळायला टाका! म्हणजे साथ थांबेल ना, गिरिधर?”

“उद्या नाही. आज ज्यांना लागण झाली आहे, त्यांचे डोळे उद्या येतील. हिशेबाने अठ्ठेचाळीस. शिबिरात मुलं आहेत चाळीस.”

“मग वरचे आठ कुठून आणतोस गा?” चंद्रभानने विचारले.

“मुलं संपली की दुप्पट होणंही संपतं,” गिरिधर म्हणाला.

कुसुमताईंनी शिबिर त्याच दिवशी बंद केले. गोपिकेला निर्दोष ठरवण्यात आले आणि ती ज्या एसटीने जायची होती, त्याच एसटीने निघाली.

गिरिधर तिला पोहोचवायला स्टॉपवर आला होता. कुसुमताई आल्या, तेव्हा त्यांच्याही हातात पिशवी होती. “मी येते तुझ्याबरोबर,” त्या म्हणाल्या. “तुझ्या वडिलांना मी स्वतः सांगणार, चूक आमची झाली.”

“या नं, बाई,” गोपिका म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता, हेच गिरिधरला ऐकवेना. “पण तो तुम्हाले काही म्हणणार नाही. नुसता ऐकून घेईन. त्याले सवय आहे.”

एसटी आली. कुसुमताईंनी गोपिकेची पेटी उचलली आणि तिच्या आधी पायरी चढल्या.