अनसाबाईच्या दोन गोळ्या

सरका, सरकून बसा. शटर निम्मं ओढून घ्या म्हणजे वारा आत यायचा नाही. लाइट यायची तेव्हा येईल, तोवर ऐका. माणसाचं नाव सतीश. आडनाव विचारू नका, कारण त्याचं मेडिकल शिरूरमध्ये आजही चालू आहे आणि तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरात त्याच्याच दुकानाच्या पुड्या आहेत.

तीन पिढ्यांचं दुकान. आजा शंकरराव दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात कंपाउंडर. नोकरी संपली तशी त्यांनी इकडं घोडनदीला, म्हणजे आपल्या शिरूरलाच, गाळा घेतला. माणूस पक्का बाबासाहेबांच्या विचाराचा. दुकानात बुद्धाची मूर्ती होती, पण दाराला लिंबू-मिरची कधी लागली नाही. कोणी रडत आलं, की दादा, पोराला बाहेरचं झालंय, तर थर्मामीटर झटकत म्हणायचे, "आन इकडं. भूत किती डिग्रीचं हाय ते आधी बघू." पोराचा ताप उतरायचा आणि भूत पायवाटेनं निघून जायचं. अशा घरातली ही गोष्ट आहे. म्हणून तर सांगतोय.

शंकररावांचा मुलगा बबनराव. त्यांच्याकडं टीबीच्या गोळ्या द्यायचं सरकारी काम होतं. त्यात नियम असा, की पेशंटनं गोळी देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत गिळायची. वीस वर्षं ते काम केलं, त्याची त्यांना सवयच लागली. साधी डोकेदुखीची गोळी दिली तरी पाण्याचा ग्लास पुढं करायचे. "घ्या, माझ्यासमोर घ्या." लोक हसायचे. बबनराव हसायचे नाहीत, गळ्याकडं बघत राहायचे.

आणि बबनरावांचा मुलगा हा सतीश.

तारीख लक्षात ठेवा. अकरा जानेवारी, दोन हजार पंचवीस. शनिवार, बाजाराचा दिवस. अमावास्या नव्हती. उलट पुनव दोन दिवसांवर आलेली, चांदणं असं की रस्त्यावरचा खडा दिसावा.

दिवसभर दुकानात ही गर्दी. रात्री नऊला सतीश आवराआवर करत होता. मेडिकलवाल्याचं आवरणं म्हणजे काय, तर कापलेल्या पाकिटांचे उरलेले तुकडे ज्याच्या त्याच्या खोक्यात परत घालायचे. पंधरा गोळ्यांचं पाकीट असतं, गिऱ्हाईक दहाच मागतं, कात्रीनं कापून द्यावं लागतं, पाच उरतात. खाजेच्या गोळ्यांचं खोकं त्यानं उघडलं. त्यात एक तुकडा होता. पाच गोळ्यांचा. त्यानं सहज उलटा करून नाव वाचलं.

खाजेची नव्हती. साखरेच्या आजाराची होती. मोठ्या ताकदीची.

दोन्ही पाकिटं चंदेरी, दोन्ही गोळ्या बारीक पिवळ्या. सकाळी कुणीतरी अख्खं पाकीट चुकीच्या खोक्यात टाकलं, आणि हा पाचचा तुकडा त्यातून दहा कापून उरलेला. कुणीतरी म्हणजे त्यानंच, दुकानात दुसरं होतं कोण? आणि त्या दिवशी खाजेची गोळी नेली होती फक्त एका बाईनं. निमोण्याच्या अनसाबाईनं. दहा गोळ्या. झोपताना दोन.

सत्तरीची बाई. अंगात साखरेचा आजार नाही. रात्री भाकरीचा चतकोर खाणार, वर या दोन गोळ्या घेणार आणि झोपणार. झोपेतच साखर खाली जाते. माणूस ओरडत नाही, तळमळत नाही. नुसतं सकाळी उठत नाही.

सतीशनं फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

वरून बायको, माया, जिन्यात आली होती. तिनं त्याचा चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं.

"अहो, मग निमोण्यात कुणाला तरी लावा की! चार नंबर असतील तुमच्याकडं."

"लावला तर उद्या साऱ्या तालुक्यात होईल. लायसन जाईल, माया."

"आन् ती बाई गेली तर?"

त्यानं साखर तपासायचं यंत्र आणि ग्लुकोजचा डबा पिशवीत टाकला. गाडीला किक मारली. नऊ वाजून पस्तीस मिनिटं.

आता एक गोष्ट मायालाही माहीत नव्हती. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अनसाबाईचा नवरा पोपट. एकोणीस वर्षांपूर्वी असाच एकदा बाजाराच्या दिवशी दुकानात आला, गोळ्या घेऊन गेला. रात्री आवरताना बबनरावांच्या लक्षात आलं, की हाताला चुकीचं पाकीट लागलं. बाहेर पाऊस होता. त्यांनी विचार केला, सकाळी पहिल्या एसटीनं जाऊ. सकाळी एसटीच्या आधी निरोप आला. पोपट झोपेतच गेला. गाव म्हणालं, हार्ट. बबनराव मयताला गेले, खांदा दिला, आणि गप्प बसले. तेरा वर्षं गप्प बसले. मरायच्या आदल्या रात्री सतीशचा हात धरून एवढंच म्हणाले, "त्या रात्री निघायला पायजे व्हतं रे." आणि मग सगळं सांगितलं.

म्हणून अनसाबाई दुकानात आली की सतीश स्टूल द्यायचा, थंडगार सरबत मागवायचा. लोकांना वाटायचं, पोरगं किती मायाळू.

तर आता त्याच घरी, त्याच दुकानातून, तीच चूक.

निमोणं पंधरा-सोळा किलोमीटर. उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. ट्रॉल्या संपल्या तसा रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्या भागात उसात बिबट्या असतो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. सतीशला बिबट्या आठवला नाही. तो मनात मोजत होता. नऊला जेवली असेल. साडेनऊला अंथरूण. गोळी घेतली असेल तर अजून तासभर हातात आहे. तासभर.

गावाच्या अलीकडं डावीकडं कच्चा रस्ता. आत अर्धा किलोमीटरवर अनसाबाईची वस्ती. दोन खोल्या, पुढं ओटा, एक लिंबाचं झाड. लेक सुलक्षणा भांडगावला दिलेली. बाई एकटीच राहते, आणि एक कुत्रं.

कुत्रं भुंकलं नाही.

गाडी बंद केली. कुत्रं अंगणात बसलं होतं. सतीशकडं त्याची पाठ होती. ते दाराकडं बघत होतं.

दार उघडं होतं. आत रॉकेलची चिमणी जळत होती.

"मावशी..."

"ये." आतून आवाज आला. जागा, शांत. "आता तू कशाला आलास?"

जिवंत होती! तो आत शिरला. अनसाबाई भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यावर वाकळ.

"मावशी, गोळ्या. सकाळच्या गोळ्या घेतल्या का तुम्ही? चुकीच्या हायेत त्या."

"व्हय. सांगितलं की मला."

"कुणी?"

बाईनं चिमणीची वात जरा खाली केली.

"बबनरावांनी."

...

सतीशला वाटलं, गोळ्यांचा असर सुरू झाला. साखर उतरली की माणूस बरळतं. त्यानं पिशवीतून यंत्र काढलं.

"खुळी झाले न्हाई मी," अनसाबाई म्हणाली. "तुझ्या बापाच्या मयताला आले व्हते. ते न्हाईत ते ठावं हाय मला. तरी बी आलं. दारात हुबं ऱ्हायलं. म्हणलं, वहिनी, सकाळच्या गोळ्या आना. मी आनल्या. पाणी मागितलं. दिलं. मला वाटलं, मला घ्याय सांगत्यात, जशी त्यांची खोड. मी हात पुढं केला, तर म्हणलं, न्हाई. आज तुमच्यासमोर मी घेतो."

"मावशी..."

"दोन फोडल्या. तोंडात टाकल्या. पाणी प्यालं. मी गळ्याकडं बगत व्हते. मग म्हणलं..."

तिनं वाकळ गुडघ्यावर ओढून घेतली.

"म्हणलं, पोपटला बी ह्याच दिल्या व्हत्या."

बाहेर काही हललं नाही. कुत्रंसुद्धा.

सतीशनं खाली बघितलं. पुडी तिथंच पडली होती. चंदेरी तुकडा. त्यानं मोजलं. दोन घरं फुटलेली. आठ शिल्लक.

म्हणजे बाईनंच घेतल्या. स्वतः घेतल्या, आणि आता डोकं फिरलंय. त्यानं तिचं बोट धरलं, टोचलं. एकशे अठरा. ठीक होती. पण अजून वेळ होता, असर व्हायचा होता. त्यानं ग्लुकोज कालवलं, जवळ ठेवलं आणि बसला.

अकरा वाजता टोचलं. एकशे बारा.

एक वाजता. एकशे सहा.

तीन वाजता. एकशे नऊ.

रात्रीत दोन गोळ्या त्या अंगात असत्या, तर आकडा साठाच्या खाली असता. सतीश हे तुमच्या-आमच्यापेक्षा चांगलं जाणतो. गोळ्या तिच्या पोटात नव्हत्या.

मग त्यानं मोबाइलची बॅटरी लावून जमीन धुंडाळली. कोपरे. वाकळेच्या घड्या. उंबऱ्याच्या फटी. गोळ्या नव्हत्या. दारापाशी, सारवलेल्या जमिनीवर, फक्त एक ओला डाग होता. ताटाएवढा. ग्लासभर पाणी कुणी उभ्यानं सांडावं तसा.

"तिथंच हुबं व्हतं," अनसाबाई म्हणाली.

तो परत बसला. मग तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"तुला ठावं व्हतं?"

...

"सतीश."

"...व्हय."

"कवापस्नं?"

"बाबा गेलं तवापस्नं. सहा वर्सं."

"सहा वर्सं." तिनं मान हलवली. "दर म्हयन्याला येते मी. स्टूल देतोस. सरबत पाजतोस. घरी येऊन सुलक्षणाला सांगायचे मी, बबनरावांचं पोरगं देवमाणूस हाय म्हणून."

त्याला रडू आलं. बाईनं त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही.

"आज तरी कुणाला फोन लावलास का? गावात शंभर मोबाइल हायेत."

त्यानं मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला.

"त्यो मेलेला माणूस तुझ्या आधी आला रं."

उजाडेपर्यंत दोघं तसेच बसून होते. उजाडल्यावर तिनं एकच सांगितलं. "सुलक्षणाला तू सांगायचं. मी न्हाई सांगणार."

त्यानं सांगितलं. त्याच दिवशी दुपारी भांडगावला जाऊन, तिच्या सासरच्या ओट्यावर उभं राहून, बापाचं आणि स्वतःचं, दोन्ही. सुलक्षणानं आत जाऊन दार लावलं. आजतागायत ती त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. पोलिसात कुणी गेलं नाही. अनसाबाईनं जाऊ दिलं नाही. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तिचं औषध सतीश आता स्वतः वस्तीवर नेतो. सरबत बंद.

सतीश आजही म्हणतो, भूतबीत काही नसतं. आजा सांगायचा तेच खरं. बाईला माझी गाडी यायच्या आधी डुलकी लागली, तिनं कधीतरी काहीतरी कुणाकडून ऐकलं असेल, ते स्वप्नात आलं. त्या दोन गोळ्यांचं काय झालं, असं विचारलं की तो काउंटर पुसायला लागतो.

आणि तो डाग.

तो वाळला नाही. अनसाबाईनं दुसऱ्या दिवशी सारवलं. सगळी जमीन वाळली, तेवढा राहिला. तिनं राख टाकली. राखेचा चिखल झाला. होळी झाल्यावर गवंडी बोलावून खोलीत शहाबादी फरशी घातली. खाली मुरूम, वर वाळू, वर सिमेंट. तरी दारातली एक फरशी ओलसर झाली. गवंड्यानं चहूबाजूंनी बघितलं. नळ नाही, पाइप नाही, छपराला भोक नाही.

मे महिन्यात तिकडं विहिरी आटल्या, बोअर आटले. गावात टँकर यायचा, हंड्याला हंडा लागायचा. लिंबाची पानं वाळून अंगणात पडली होती. सतीश औषध घेऊन गेला होता. भर दुपार. फरशी तापून पाय ठेववेना. अनसाबाई आतल्या खोलीत होती. त्यानं इकडं तिकडं बघितलं, वाकला, आणि दारातल्या त्या एका फरशीला तळहात लावला.

ओली.

आणि गार.