विहिरीचा गळा

रोह्यात कंपन्या यायच्या होत्या तेव्हाची गोष्ट. गोविंदाच्या परसातल्या विहिरीत आम्ही पोरं पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून पोहायला शिकलो. पाणी इतकं गार, की उन्हाळ्यातही दात शिवशिवत.

पुढे कामगार वाढले. जागा पुरेना, तशी परसात खोल्यांची रांग उठली. सगळ्या रांगेला एक नळ, आणि दारातून उघडं गटार. विहीर बुजवताना गोविंदाच्या आईने, गिरजाबाईंनी, मधोमध पाइप ठेवायला लावला. "बुजव, पन तिचा गळा नको दाबू. तिला श्वास लागतो." आमच्याकडे तशी रीतच आहे. त्या वारल्यावर गोविंदाने पाइप कापून वर लादी बसवली. आणखी एक खोली निघाली.

तिथे तमीम आणि बिल्किस राहायला आले. तमीम कंपनीत शिफ्टला जाई. त्यांची अफशा माझ्याकडे वाचायला यायची. पोर हुशार, पण ओळीच्या मध्येच तिचा श्वास अडके. डॉक्टर म्हणाले, ओल आणि दाटी. मला पटलं.

एका दुपारी बिल्किसने मला घरी बोलावलं. "गुरुजी, जमिनीला हात लावून बघा."

लादी किंचित वर येत होती, खाली बसत होती. शेजारी झोपलेल्या अफशाची छातीही तशीच.

गोविंदाला बोलावलं, तर तो हसला. "विहिरीला दमा लागला काय, मास्तर?" मग त्याने लादीवर तळवा टेकला. हसू गेलं. पहार त्यानेच आणली.

तोंड उघडलं. आतून शेवाळाचा, ओल्या दोराचा वास आला. माझ्या लहानपणाचा वास. त्या संध्याकाळी अफशाने अख्खं पान न थांबता वाचलं. पाइपवर आम्ही जाळी बसवली.

पुढे तमीमला पेणला काम मिळालं. तिथल्या रामवाडीतल्या नव्या खोलीला खिडक्या होत्या. मला बरं वाटलं.

काल सकाळी बिल्किसचा फोन आला.

"गुरुजी, पोरीला श्वास येत नाय! पायप बघा, कुनी झाकलाय काय?"

फोन तसाच कानाला धरून मी धावलो.

नव्या भाडेकरूने, जनूने, जाळीवर पाण्याचा ड्रम ठेवला होता. "नळाला तासभर तर पानी येतं. ठेवू कुठं? दुसरी जागा हाय काय?"

दोघांनी ड्रम ओढला.

पलीकडे अफशाने दीर्घ श्वास घेतला.

इकडे माझ्या लेंग्याचं टोक जाळीत ओढलं गेलं.