नाव विचारायला येणारी

साल १९७३. उन्हाळ्याचे दिवस. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या खोलीत मी स्वतः होते. पटत नसेल त्यांनी सोडून द्यावं. या वयात मला कुणाची खातरी पटवायची हौस राहिलेली नाही.

मी नुकतीच नर्स झाले होते. तळ्याकाठच्या एका मोठ्या घरात आजाऱ्याची देखभाल करायला राहिले होते. आजारी म्हणजे त्या घरचे साहेब. बापजाद्यांचा पैसा, लग्न केलेलं नाही. गाड्या, नौका, मेजवान्या आणि बायका यांत जन्म गेला. पन्नाशीत अर्धांगवायूने डावी बाजू नेली. जीभ तेवढी शाबूत ठेवली.

मला ते पहिल्या दिवसापासून ‘राणी’ म्हणत.

“हुरळून जाऊ नकोस हं,” त्यांच्या थोरल्या बहीण म्हणाल्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. “तो सगळ्यांनाच राणी म्हणतो. नावं लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून!”

सकाळी साहेब थट्टामस्करी करत. पण दुपारी जेवणं झाली, घर निजलं, की गप्प होत. सारखे खिडकीकडे बघत.

तिथे एक जड खुर्ची होती. एका दुपारी मी पाठमोरी औषध ओतत होते. आणि...

खर्रर्र.

वळून पाहिलं. खुर्ची पलंगाच्या दिशेने पुढे आली होती. खाली फरशीवर पाण्याचे थेंब.

साहेबांचा चेहरा पांढराफटक.

“राणी, सांग ना तिला... मला नाही आठवत.”

“कुणाला सांगू, साहेब?”

“ती विचारतेय, ‘माझं नाव काय?’ म्हणून.”

मी ताप पाहिला. ताप नव्हता.

रोज मी खुर्ची मागे न्यायची. रोज दुपारी ती पुढे यायची. आणि त्या वेळात... पंखा फिरत असायचा, पण त्याचा आवाज येत नसे.

ताईंना सांगितलं. त्यांनी खुर्ची माळ्यावर टाकायला लावली. त्या दुपारी काहीच सरकलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

मग...

पलंगाची कड खाली दबली. कुणीतरी बसावं तशी.

साहेबांच्या पायांवरची चादर ओली होत गेली.

“पोपटला बोलवा,” साहेब लहान मुलासारखे रडत म्हणाले.

पोपट म्हणजे त्यांचा जुना दोस्त. भडक सदरे आणि अखंड बडबड. तो आल्या आल्या साहेबांनी विचारलं,

“ती तळ्यातली... नाव काय होतं रे तिचं?”

पोपट हसला. “अरे, आपल्या गाड्यांचे नंबर विचार, धडाधड सांगतो. बायकांची नावं कुठली काढतोस आता?”

“पाया पडतो तुझ्या, पोपट.”

पोपटचं हसू मावळलं. खोलीबाहेर येऊन त्याने मला सांगितलं. फार पूर्वी नौकेवर कुणाचा तरी वाढदिवस होता. साहेबांची तेव्हाची मैत्रीण, वर्षभर याच घरात राहिलेली, पाण्यात पडली. गाणी जोरात चालू होती. कुणाला कळलंच नाही. सकाळी सापडली. पोलिसांनी नाव विचारलं.

“एकालाही सांगता येईना, सिस्टर. आम्ही सगळेच तिला राणी म्हणायचो. शेवटी बेवारस म्हणून नेली.”

मी ताईंना विचारलं. त्यांनी मान खाली घातली.

“मी तिच्याशी कधी बोललेच नाही गं. बोलण्याच्या लायकीची वाटली नाही तेव्हा.”

साहेब अंदाजाने नावं घेऊ लागले. सुचेल ते. प्रत्येक चुकीच्या नावाला ओल थोडी वर चढायची. गुडघे. मग पोट. मग छाती. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरतंय. मी चादरी बदलत राहिले. दुसरं काय करणार होते?

एका दुपारी ओल गळ्याशी आली. साहेबांना धाप लागली. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

“राणी... तुझं नाव काय गं?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं. मला भरून आलं. मी सांगितलं.

त्यांनी मान वळवली. दबलेल्या कडेकडे पाहिलं...

आणि माझं नाव घेतलं. स्पष्ट. आडनावासकट.

“साहेब, अहो, ते माझं आहे!” मी ओरडले.

कुणीतरी सुस्कारा सोडला. पलंगाची कड सावकाश वर आली. फरशीवर ओली पावलं उमटत दारापर्यंत गेली.

पंख्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

साहेब वाचले. पुढे बरीच वर्षं जगले, दुपारी गाढ झोपायचे. माझ्यानंतरच्या नर्सलाही राणीच म्हणायचे, असं ऐकलं. पोपट लेकाकडे राहायला गेला, तिथेच वारला. ताई मात्र पुढे दारात येणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव विचारायच्या.

मी आठवड्याभरात काम सोडलं. लग्न केलं, आडनाव बदललं. घरात मला कुणी नावाने हाक मारत नाही, मी मारू देत नाही. यजमान होते तोवर ‘अगं’ म्हणायचे. मग आई झाले, आजी झाले. निभलं.

मागच्या महिन्यात डोळे तपासायला गेले होते. बाहेर बसलेल्या मुलीने माझं नाव पुकारलं. माहेरचं. ते तिच्याकडे कसं आलं, कोण जाणे.

मी काठी टेकून उठत होते, तोच मागून बाईचा आवाज आला...

“आले हं.”

मुलगी माझ्या खांद्यापलीकडे बघून हसली. “या ना, आत या,” म्हणाली, आणि तिने दार उघडून धरलं.

जरा वेळाने तिने ते लावून घेतलं.

मी बाहेरच उभी होते.