बाबांची डावी बाजू

मुरुडला मासळी बाजाराच्या वळणावर आले की माझी पावलं अजून हळू होतात. तिथेच बाबांनी विपुलला धडक दिली होती. चांगली खांद्याला खांदा लावून… आणि त्याच्याकडे न बघताच बाबा पुढे चालायला लागले.

"सॉरी हं," मी म्हणाले. "त्यांना डावीकडचं—"

"दिसतं, पण लक्षच जात नाही ना?" तो खांदा चोळत हसला. "झटका कधी आला होता?"

मी बघतच राहिले. आमचं दुखणं असं एका वाक्यात कुणी ओळखलं नव्हतं. विपुल फिजिओथेरपिस्ट होता, नुकताच मुरुडला आलेला. डोळे मात्र… जाऊ दे.

बाबा म्हणजे जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यातून पायांवर उभे राहिले, पण डावी बाजू त्यांच्या जगातून गेलीच. ताटातल्या डावीकडच्या चटणी-कोशिंबिरीला हात लागायचा नाही. डाव्या गालाची दाढी तशीच राहायची. टोकलं की म्हणायचे, "डावीकडचा क्लीनर बघल. मी कशाला बघू?" आणि आम्ही वेडे, कितीतरी दिवस समजत होतो की ही ट्रकवाल्याची खोडच आहे.

विपुल घरी यायला लागला, तो त्याच खोडीला हाताशी धरून. बाबांच्या डावीकडे बसायचा आणि क्लीनर ट्रकच्या दारावर मारतो तशी बाकावर थाप मारायचा. "उस्ताद, डावीकडे बघा, सायकल आलीय." बाबांची मान जराशी वळायची… की परत उजवीकडे.

मीही डावीकडेच बसायचे. बाबांनी वळून बघावं म्हणून. अगदी खरं सांगते, म्हणूनच! पण तिथे बसलं की बाबांना आमचा पत्ताच नसायचा, आणि विपुल हळूच विचारायचा, "आज केस मोकळे?"

"धुतलेत. वाळायला नकोत?"

"मग रोज धूत जा ना."

फाजील कुठला. मी उठून उजवीकडे जायचे, आणि थोड्या वेळाने गुपचूप परत यायचे.

मग अलिबागच्या डॉक्टरांनी बाबांना एक गोळी सुरू केली, कंपवातावर देतात त्या जातीची. "काहींचं लक्ष हिच्यामुळे हरवलेल्या बाजूकडे वळतं, काहींचं नाही. व्यायामाच्या जोडीने देऊन बघू," ते म्हणाले. सुरुवातीला बाबांना इतकं मळमळायचं की आई कंटाळली. "बंद कर ती गोळी. हाय तसा मानूस बरा."

त्या संध्याकाळी पडवीत विपुल म्हणाला, "गोळी लागू पडली तर आपण दिसणार त्यांना."

"माहीत आहे."

"आणि त्यांना नाही आवडलं तर? माझं येणंच बंद…"

बाबांचा राग मी लहानपणापासून बघितलेला. तरी म्हणाले, "बंद तर बंद. मला माझे बाबा पूर्ण हवेत."

त्यानेच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी डोस थोडा उतरवला, आणि विपुल रोज बीपी बघायला येत राहिला. मी त्याच्या प्रेमात पडले ती तेव्हा. आधीचं सगळं नुसतं गोड होतं.

गोळीने की व्यायामाने, देव जाणे, पण ताटातली चटणी संपायला लागली.

श्रावणातली दुपार होती. उन्हातच सर येऊन गेलेली, सुपारीच्या झावळ्यांवरून पाणी ठिबकत होतं. बाबा खुर्चीत, आम्ही त्यांच्या डावीकडे बाकावर. विपुल थाप मारायची विसरला होता, कारण त्याचा हात माझ्या हातात होता. कुणी हाक मारली नाही, काही नाही… आणि बाबांची मान वळली. हळूहळू, पूर्ण वळली. नजर आमच्या हातांवर येऊन थांबली.

मी हात ओढून घ्यायला लागले.

"ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. कितीतरी वेळ बघत राहिले, माझ्याकडे, मग त्याच्याकडे. "लय दिसांनी डावीकडं बघन्यासारखं कायतरी हाय."

मला रडू आवरेना. विपुल उठून उभाच राहिला. "काका, मी… मला कल्पिता…"

"बस खाली," बाबा म्हणाले. "दिसतंय मला."