चौथी तक्रार

पहिल्यांदा उंदरानंच घोटाळा केला. वायर कुरतडली, आणि केशोरी गावच्या शामकलाचा सौर पंप ऐन उन्हाळी धानात बंद पडला. पंप सरकारी योजनेतला. तक्रार केली की तीन दिवसांत कंपनीनं माणूस पाठवायचा, असा नियम. म्हणून थेट कुडव्याहून फटफटीवर, धुळीनं माखलेला उमेंद्र आला.

वायर जोडून त्यानं चहा घेतला. "अद्रक जास्त झालं जी," तो हसला.

"पुढच्या वेळी कमी टाकीन," शामकला बोलून गेली, आणि... जीभ चावली. पुढची वेळ कुठली आली?

बाप गेला, भाऊ रायपूरचा झाला. पूर्वी वीज रात्रीच यायची, तेव्हा पाण्यासाठी जागणारी चार माणसं बांधावर तरी भेटायची. आता ज्याचा त्याचा पंप; ऊन पडलं की पाणी सुरू. चांगलंच झालं म्हणा! पण दिवसचे दिवस तिच्याशी बोलायला कोणी उरलं नाही.

मग काय, शामकलानं स्वतःच वायर उपसली आणि तक्रार ठोकली. तो आला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

चौथ्या वेळी मात्र त्यानं पिशवी उघडलीच नाही.

"परवा परभणीले चाललो. बदली झाली," तो म्हणाला. "एकाच पंपाच्या चार तक्रारी... साहेब म्हणते, तुले काम येत नाही."

शामकला पुढं झाली. "बिघाड नव्हताच जी... मीच वायर काढून राहिली होती."

"मले दुसऱ्याच वेळी समजलं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं तिसऱ्यांदा बोलावलं असतं का तुमी?"

तिचे डोळे भरून आले. तिनं तडक कंपनीला फोन लावला.

"म्याडम, पहिली सोडली तं माह्या तक्रारी खोट्या होत्या. त्याईचा दोष नाही. मी एकटीच आहो ना... ते यावे म्हणून मीच वायर काढत होती."

पलीकडची बाई गडबडली. बदलीचा कागद निघाला, आता फिरत नाही, म्हणाली. मग सवयीनं तिनं विचारलं, "आणखी काही तक्रार?"

"आहे," शामकला म्हणाली. "माणूस चालला."

उमेंद्रचे कान लाल झाले. त्यानं हळूच तिच्या हातून फोन घेतला.

"टेक्निशियन बोलून राहिलो म्याडम. हे लिहून ठेवा. दिवाळीत मी येऊन पाहतो."

फोन ठेवून तो ओसरीवर बसला, तिच्या अगदी जवळ. परवाची गाडी तर होतीच.